गल्ल्यातले नाणे झिजलेले की टाकसाळीत चुकलेले?

भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावात दुकानदाराच्या गल्ल्यात दिवसभर चिल्लर पडत असते. त्यात एखादे नाणे वेगळे दिसते. आकडा अर्धवट, कड तुटकी किंवा चित्र एका बाजूला सरकलेले. कोणी म्हणते, "फेकून द्या, चालत नाही." कोणी म्हणते, "याचे लाख रुपये येतील." दोन्ही सल्ले बहुधा चुकीचेच असतात. नाणे स्वतःला पारखता आले, तर नुकसानही टळते आणि फसवणूकही.

आधी नाणे कसे बनते ते पाहू. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्यांची कड उचलतात आणि मग कड्यात धरून दोन ठशांमध्ये प्रचंड दाबाने छाप मारतात. म्हणजे चूक तीनच ठिकाणी होऊ शकते : चकतीत, ठशात किंवा छापाच्या वेळी. बाकी जे काही झाले, ते टाकसाळीच्या बाहेर झाले.

पहिली कसोटी रेषेची. रेषा खोलगट असेल तर तो ओरखडा, नंतर पडलेला. रेषा उठावदार असेल तर ठशालाच तडा गेला होता. भंडाऱ्याच्या पितळकामातील कारागिरांना हे सांगायला नको. ठशाला भेग पडली की धातू तिच्यात शिरतो आणि पुढच्या प्रत्येक मालावर तीच रेषा उमटते.

दुसरी कसोटी पुसट अक्षराची. झीज नेहमी उंच भागापासून सुरू होते आणि आजूबाजूचे सारे सपाट, गुळगुळीत करते. पण एकच अक्षर गायब आणि शेजारची अक्षरे धारदार असतील, तर ठशात तेल-मळी भरली असण्याचा संभव अधिक. मात्र त्या जागी कानशीचे ओरखडे दिसले, तर ते कोणाच्या तरी हातचे काम समजावे.

तिसरी कसोटी वजनाची. सोनाराचा काटा इथे कामी येतो. २०११ च्या मालिकेतील १ रुपया ३.७९ ग्रॅम, २ रुपये ४.८५ ग्रॅम आणि पितळी रंगाचे ५ रुपये ६ ग्रॅम भरतात. १० रुपयांचे दुरंगी नाणे ७.७१ ग्रॅम. नाणे तेजाबात टाकले तर ते सगळीकडून सारखे बारीक होते आणि वजन घटते. हातोडीने ठोकले तर पसरते, पण वजन तेवढेच राहते. छाप सरकला असेल तर एका बाजूला कोरी चंद्रकोर राहते, आणि त्या भागावर चित्राची खूणही नसते.

काही गोष्टी मुळात चूकच नसतात. सालाखालचा चौकट आकार मुंबईचा, तारा हैदराबादचा आणि ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. पोलादाचा जुना १ रुपया आणि २०११ चे २ रुपये हे दोन्ही २५ मिलिमीटर व ४.८५ ग्रॅमचे आहेत. घाईत मोजताना इथे गल्लत होते, आकडा वाचूनच घ्यावे. १० रुपयांच्या नाण्याचे निरनिराळे नमुने पाहूनही घाबरू नये. २०१८ साली रिझर्व्ह बँकेने तोवरचे सर्व १४ नमुने वैध असल्याचे जाहीर केले होते.

कायदाही लक्षात ठेवावा. २०११ च्या नाणे कायद्यानुसार १ रुपया व त्यावरील नाणी एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. पण नाणे विद्रूप केलेले किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा वजनाने घटलेले नसावे. निव्वळ वापराने पुसट झालेले नाणे गरीब गिऱ्हाइकाच्या हातात परत ठेवण्याचे कारण नाही. उलट नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. भट्टीवाल्या बंधूंनी भंगारात आलेली चालू नाणी वेगळी काढावीत.

आता भावाचे. ठशाची बारीकसारीक चूक सर्रास सापडते, तिला फारसा भाव नाही. उघड दिसणारी मोठी चूक असेल तर नाणे घासू नये, चिंचेने चमकवू नये. कागदात गुंडाळून ठेवावे आणि दोन-तीन जाणकारांना दाखवावे. "नाणे लाखाला घेतो, आधी कमिशन भरा," असा फोन आला तर तिथेच थांबावे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारात ती पडत नाही आणि कोणतेही शुल्क मागत नाही.

एक भिंग, एक काटा आणि थोडा धीर, एवढे भांडवल पुरेसे आहे.