नागपूरचे मलजल आणि गोसीखुर्दचा हिशेब

एखादे शहर आपल्या सांडपाण्याची किंमत काय धरते हे पाहावयाचे असेल, तर त्याचे अंदाजपत्रक चाळण्यापेक्षा त्याच्या नदीबरोबर खाली उतरत जावे, असे माझे पुष्कळ वर्षांच्या छंदाने बनलेले मत आहे. आणि नागपूरच्या बाबतीत हा उतार भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातील गोसीखुर्दच्या जलाशयापाशी येऊन थांबतो. लाव्याच्या टेकड्यांत उगम पावलेली नाग नदी शहराची सारी घाण पोटात घेऊन, पिवळी नदीला सामावून, कुही तालुक्यात कन्हानला मिळते. कन्हान अंभोऱ्यास वैनगंगेत विलीन होते. आणि तेथून खाली 33 दरवाज्यांचे, सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीचे धरण ते सारे पाणी अडवून धरते. धरणाचा इतिहास, म्हणजे 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालेले भूमिपूजन, 372 कोटींचा मूळ अंदाज, 2009 साली मिळालेला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा आणि विस्थापितांची दीर्घ कहाणी, हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. मला सांगावयाचे आहे ते या पाण्याच्या आकारणीविषयी.

मलनिःसारणाचा आकार कोणत्या मापाने बसवावा, हा या शास्त्रातील मूळ प्रश्न. 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने मळवलेली वाट अशी की, घराचे वार्षिक भाडेमूल्य ठरवावे, दुरुस्तीपोटी त्यातून 10 टक्के वजा करावेत, आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर सामान्य कराच्या जोडीने मलनिःसारणाचाही कर शेकड्याच्या हिशेबाने बसवावा. वसुलीच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची खरी, कारण घर पळून जात नाही आणि कारकुनाला कोठे मापयंत्र वाचावे लागत नाही. परंतु प्रशस्त वाड्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धेवर भार अधिक आणि लहानशा जागेत दिवसभर शेकडो ताटे धुणाऱ्या खानावळीवर कमी, असा विपरीत न्याय तिच्यातून निपजतो, आणि गडरलाइनीत काय सोडले याची दप्तरात दादही लागत नाही.

दुसरी रीत पाण्याच्या मीटरची. माणशी रोज 135 लिटर पाणी पुरविले, तर त्यातले सुमारे 80 टक्के, म्हणजे 108 लिटर, मैल्यासह परत येते, असे अभियंते धरून चालतात. तेव्हा पाणीपट्टीवरच ठरावीक शेकडा चढवावा, की मलजलाचे वेगळे मोजमाप नको. मुंबईत हा शेकडा 60 होता, तो पुढे 70 झाला. दिल्लीतही पाण्याच्या आकारावर 60 टक्के घेण्याची वहिवाट आहे. माझ्या मते करयोग्य मूल्यापेक्षा ही रीत कितीतरी न्याय्य आहे, कारण नळ जपून उघडणाऱ्याचा आकार त्या प्रमाणात घटतो.

तथापि खरी विद्वत्ता तिसऱ्या रीतीत आहे, आणि तिच्याविषयी लिहिताना माझा हात आवरत नाही. लंडनच्या पश्चिमेस मॉग्डेन येथे 1936 साली मोठे मलशुद्धीकरण केंद्र सुरू झाले, आणि 1937 च्या कायद्याने कारखान्यांना आपले सांडपाणी सार्वजनिक गटारांत सोडण्याचा हक्क मिळाला. त्या हक्काचे मोल ठरविणारे जे सूत्र पुढे रूढ झाले त्याला मॉग्डेनचेच नाव पडले. या सूत्रात आकाराचे चार भाग पडतात: पाणी स्वीकारून वाहून नेण्याचा खर्च, त्याच्या आकारमानावर होणारा शुद्धीकरणाचा खर्च, त्यातील सेंद्रिय द्रव्य प्राणवायूने जाळण्याचा खर्च आणि तळाशी बसणाऱ्या गाळाची विल्हेवाट लावण्याचा खर्च. यांतील शेवटचे दोन भाग शहराच्या सर्वसाधारण मलजलाशी तुलना करून ठरतात. कारखान्याच्या पाण्याची प्राणवायूची भूक सर्वसाधारण मलजलाच्या तिप्पट असेल तर तिसरा भाग तिप्पट, आणि गाळ निम्मा असेल तर चौथा भाग निम्मा. गोठ्याचे शेण-मूत्र धुतलेले पाणी आणि कार्यालयातील हात धुतलेले पाणी लिटरला लिटर सारखे भरले, तरी शुद्धीकरण केंद्राच्या टाकीत त्यांचे मोल एक नसते. आणि घाणीचा दाटपणा थेट रुपयांत उतरविणारे याहून प्रांजळ गणित माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडे असा प्रयत्न झालाच नाही असे नव्हे. 1977 च्या पाणी उपकर कायद्याने पाण्याच्या वापराचे प्रकार पाडले होते आणि शुद्धीकरणाची व्यवस्था करणाऱ्यास 25 टक्क्यांची सूट ठेवली होती. परंतु 2003 च्या दरपत्रकात घरगुती वापराचा मूळ दर हजार लिटरला अवघा 2 पैसे होता, आणि 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकरही संपला. याच्याशेजारी नागपूरचा एक व्यवहार ठेवून पाहावा. भांडेवाडी येथे मलजल शुद्ध करून ते कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला न्यावे, अशी तजवीज महानगरपालिका आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती यांच्यात झाली. शुद्धीकरण केंद्र रोज 130 दशलक्ष लिटर क्षमतेचे, आणि 110 दशलक्ष लिटर मलजलापोटी शहराला वर्षाकाठी 15 कोटी रुपये. भागाकार केला तर हजार लिटरला जवळजवळ पावणेचार रुपये पडतात. सरकारने ज्या पाण्याला 2 पैशांचे मानले, त्यालाच गरजवंत गिऱ्हाइकाने पावणेचार रुपये मोजले, आणि पेंच नदीचे तेवढे निर्मळ पाणीही वाचले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मात्र जे शुद्ध होत नाही ते खाली येते. अंभोऱ्याच्या संगमावर, चैतन्येश्वराच्या मंदिरापासून खाली उतरून मी पाण्याजवळ गेलो, तेव्हा कन्हानच्या अंगाचे पाणी काळसर होते, काठाशी फेस साचला होता, आणि एक ढिवर आपल्या जाळ्यात गुंतलेली जलपर्णीची मुळे एकेक करून तोडीत बसला होता. मासळीपेक्षा मुळेच अधिक निघतात, असे त्याने सांगितले. "पानी आंगाले लागलं का खाज सुटते, भाऊ," एवढे बोलून तो पुन्हा कामाला लागला. भंडारा शहर याच वैनगंगेचे पाणी पिते, आणि धरणाचा फुगवटा वर चढला की दूषित पाण्याचा उपद्रव तेथील नळांपर्यंत पोहोचतो. तेथील शुद्धीकरणाचा वाढीव खर्च भंडारेकर सोसतात. नागपूरच्या कोणत्याही घरटॅक्सच्या बिलात त्याचा रकाना नाही.

कायद्याचे पाठबळ नाही असे म्हणता येत नाही. दूषित करणाऱ्याने भरपाई करावी, हे तत्त्व राज्याच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. आणि 22 फेब्रुवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, शुद्धीकरण केंद्रांसाठी ज्या स्थानिक संस्थांपाशी पैसा नसेल त्यांनी तो वापरणाऱ्यांकडून वसूल करण्याचे निकष ठरवावेत. उणीव आहे ती निकष ठरविणाऱ्या बैठकीत. महानगरपालिकेच्या करांचे दर दरवर्षी 20 फेब्रुवारीच्या आत निश्चित व्हावेत असा अधिनियमाचा दंडक आहे, आणि ते निश्चित करणाऱ्या सभागृहात पवनी, कुही वा भंडाऱ्याचा एकही मनुष्य नसतो. त्या तारखेपूर्वी जलाशयातील पाण्याच्या तपासणीचा अहवाल सभागृहापुढे ठेवणे सक्तीचे करावे, मलनिःसारणाच्या आकारात भंडाऱ्याच्या जलशुद्धीकरणाचा वाटा स्वतंत्र धरावा, आणि अंभोऱ्याच्या ढिवरांच्या सोसायटीलाही आपले म्हणणे तेथे मांडण्याचा हक्क द्यावा, अशी माझी मागणी आहे.