पाठीवरचा सोबती

घराबाहेर पडणाऱ्या माणसाला काही ना काही बरोबर न्यावेच लागते. शेतावर जाणाऱ्याच्या हातात भाकरीचे गाठोडे असते, पंढरीच्या वाटेने चालणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावर पडशी असते, आणि गडकिल्ले पाहण्यास निघालेल्या मुलामुलींच्या पाठीवर दोन पट्ट्यांची पिशवी असते. या पिशवीला आता सर्वजण ‘सॅक’ म्हणतात. सकाळी निघून संध्याकाळी परतायचे असेल, तर लहान सॅक पुरते. मात्र बाजारात तिचे इतके प्रकार मिळतात की, घेणारा गोंधळून जातो. कोणी रंग पाहतो, कोणी खिसे मोजतो, तर कोणी मित्राजवळ आहे तशीच पिशवी मागतो. पुढे डोंगराच्या चढणीवर पिशवीची खरी परीक्षा होते, तेव्हा यांपैकी फारच थोड्या गोष्टी उपयोगी पडतात.

पाठीवर ओझे वाहण्याची युक्ती फार प्राचीन आहे. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात ३००० मीटरांहून अधिक उंचीवर, बर्फात गोठलेले एका माणसाचे शरीर आढळले. हा माणूस सुमारे ५३०० वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच्या सामानात एक वाकवलेली काठी आणि काही लाकडी पट्ट्या होत्या. पाठीवर ओझे बांधण्याची ती चौकट असावी, असे अनेक संशोधकांना वाटते. इतक्या जुन्या काळापासून माणसाने पाठच का निवडली असावी? याची कारणे दोन. पाठीवरच्या ओझ्याचा भार दोन्ही खांद्यांवर सारखा वाटला जातो, आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

हात मोकळे असणे किती महत्त्वाचे आहे, हे कळसूबाईच्या वाटेवर चांगले समजते. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १६४६ मीटर आहे. पायथ्याच्या बारी गावातून निघालेला प्रवासी सकाळी चढून संध्याकाळपर्यंत खाली येऊ शकतो. वाटेत काही ठिकाणी कडा इतका उभा आहे की, तेथे लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. शिडी चढताना एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात डबा धरून कसे चालेल? अशा जागी पिशवी नीट नसली, तर ती केवळ त्रास देत नाही. ती माणसाचा तोलच बिघडवू शकते. म्हणून पिशवी निवडण्याचे काम क्षुल्लक समजू नये.

पिशवी निवडताना पहिला विचार वजनाचा करावा. केंद्र शासनाने २०२० साली शालेय दप्तराविषयी जे धोरण ठरविले, त्यात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे, असे सांगितले आहे. डोंगर चढणाऱ्या मुलानेही हीच मर्यादा पाळणे हिताचे असते. समजा, एका मुलाचे वजन ४० किलो आहे. त्याच्या पाठीवर ४ किलोंहून अधिक ओझे नको. आता त्याच्या सामानाचा हिशेब पाहावा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. तेव्हा दोन लिटर पाणी, बाटल्यांसह, २ किलो १०० ग्रॅम. शिदोरी ५०० ग्रॅम. रेनकोट ३५० ग्रॅम. बॅटरी, शिट्टी, जखमेवर बांधण्याच्या पट्ट्या व औषधे मिळून ३०० ग्रॅम. ही बेरीज ३ किलो २५० ग्रॅम झाली. म्हणजे खुद्द पिशवीसाठी केवळ ७५० ग्रॅम उरले.

या लहानशा हिशेबातून एक मोठी गोष्ट ध्यानात येते. रिकाम्या पिशवीचेही ओझे असते. दुकानात आवडलेली पिशवी जर रिकामीच सव्वा किलोची असेल, तर ५०० ग्रॅम वजन मर्यादेच्या बाहेर जाईल. मग काही तरी कमी करणे आले. पुष्कळदा मुले पाणीच कमी नेतात, कारण सामानात तेच सर्वांत जड असते. उन्हाळ्यात सह्याद्रीचे काळे कातळ तापतात आणि वाटेवरची पाण्याची टाकी कित्येकदा कोरडी पडतात. अशा वेळी अर्धा लिटर पाण्याची किंमत फार मोठी असते. जड पिशवीचे मोल अशा रीतीने तहानेने द्यावे लागते.

पिशवीचा आकार लिटरांत सांगतात. २० लिटरांची पिशवी म्हणजे जिच्या पोकळीत २० लिटर पाणी मावेल एवढी पिशवी. एका दिवसाच्या फेरीला १५ ते २० लिटरांची पिशवी पुरेशी होते. ‘मोठी असलेली बरी,’ असे काही जण म्हणतात. परंतु पिशवीत जागा उरली की, ती भरून टाकण्याचा मोह माणसाला आवरत नाही. शिवाय अर्धवट भरलेल्या मोठ्या पिशवीत सामान इकडून तिकडे हलते आणि चालणाऱ्याला हिसके देते.

हल्ली सैनिकी धर्तीच्या लहान पिशव्यांचे मुलांना मोठे आकर्षण वाटते. त्या दिसतात कणखर आणि असतातही कणखर. त्यांच्या बाहेरच्या अंगाला आडव्या पट्ट्यांच्या रांगा शिवलेल्या असतात. ही पद्धत अमेरिकेच्या सैन्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. सुमारे २५ मिलिमीटर रुंदीच्या या पट्ट्या ठरावीक अंतरावर टाके घालून पिशवीला पक्क्या केलेल्या असतात. दोन टाक्यांमधल्या फटींतून दुसऱ्या लहान पाकिटांचे पट्टे ओवले की, ती पाकिटे घट्ट बसतात. एका सैनिकाला काडतुसे हवी असतात, दुसऱ्याला औषधे, तिसऱ्याला संदेशयंत्र. प्रत्येकाने आपल्या कामाप्रमाणे पाकिटे लावावीत आणि काढावीत, ही त्यामागची योजना आहे.

सैनिकाच्या दृष्टीने ही योजना उत्तम आहे. पण डोंगर पाहण्यास निघालेल्या मुलाचे काम सैनिकाचे नाही. त्याला इतकी पाकिटे लागत नाहीत, आणि प्रत्येक पट्टीचे, प्रत्येक बकलाचे थोडे थोडे वजन मात्र त्यालाच वाहावे लागते. बाहेर लोंबणाऱ्या वस्तू करवंदीच्या जाळीत गुंततात, शिडीच्या गजात अडकतात आणि चालताना हेलकावे खातात. म्हणून सैनिकी पिशवीतील घेण्याजोगा गुण घ्यावा आणि बाकीचे सोडून द्यावे. तिची शिवण खरोखर अनुकरणीय असते. पट्टा जेथे पिशवीला जोडलेला असतो, तेथे चौकोन शिवून त्यात फुली मारल्यासारखे टाके घातलेले असतात. पिशवी कोणत्याही प्रकारची असो, तिच्या पट्ट्यांच्या मुळाशी अशी दुहेरी शिवण आहे की नाही, हे अवश्य पाहावे. पिशवी बहुधा तेथेच फाटते.

आता पट्ट्यांचा विचार करू जाता, खेड्यातील पाणी आणणाऱ्या बायांची आठवण होते. त्या डोक्यावर हंडा ठेवण्यापूर्वी कापडाची चुंबळ ठेवतात. चुंबळीमुळे हंड्याचे वजन कमी होत नाही, परंतु तो भार अधिक जागेवर पसरतो आणि डोक्याला रुतत नाही. खांद्यावरच्या रुंद, मऊ पट्ट्यांचे कार्यही हेच. अरुंद पट्टा दोरीसारखा खांद्यात रुततो व थोड्याच वेळात हाताला मुंग्या येऊ लागतात. पट्टे फार जाड असण्याची गरज नाही, मात्र ते रुंद असावेत आणि त्यांची लांबी कमीजास्त करता यावी. छातीवरून बांधण्याचा एक आडवा पट्टा असला, तर खांद्यावरचे पट्टे घसरत नाहीत. कमरेचा पट्टा पिशवी हलू देत नाही, आणि भार बराच असेल तेव्हा त्याचा काही भाग कमरेच्या हाडांवर घेतो.

पिशवीची लांबी पाठीच्या लांबीला साजेशी हवी. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड ठळकपणे हाताला लागते. तेथून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या पातळीपर्यंतचे अंतर ही पाठीची लांबी होय. पिशवी यापेक्षा लांब असली, तर खाली बसताना तिचा तळ जमिनीला लागतो आणि वर पाहताना तिचे तोंड डोक्याला अडते.

पिशवी चांगली असूनही ती भरावी कशी हे न कळल्यास उपयोग नाही. पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरली तर सहज पेलते. तीच हात लांब करून धरली तर क्षणात खांदा भरून येतो. बादली तीच आणि पाणीही तेवढेच, परंतु ओझे शरीरापासून जितके दूर, तितकी त्याची ओढ अधिक. पिशवीतही हाच नियम चालतो. जड वस्तू पाठीला चिकटून, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध येतील अशा ठेवाव्यात. हलक्या वस्तू तळाशी आणि बाहेरच्या बाजूस असाव्यात. पाण्याच्या बाटल्या बाहेरच्या खिशात ठेवल्या, तर शिडीवर चढताना त्या माणसाला मागे ओढतात. एक बाटली डावीकडे व दुसरी उजवीकडे, पण दोन्ही पाठीलगत, अशी मांडणी केली म्हणजे कावडीप्रमाणे तोल सांभाळला जातो.

कापडाच्या बाबतीत पूर्वीच्या आणि आताच्या पिशव्यांत मोठा फरक पडला आहे. पूर्वी पिशव्या सुती कॅनव्हासच्या असत. त्या टिकाऊ असत, परंतु पावसात भिजून फार जड होत. १९३८ साली अमेरिकेत नायलॉन या कृत्रिम धाग्याची घोषणा झाली आणि पुढे पिशव्यांसाठी हेच कापड वापरात आले. ते हलके, बळकट आणि लवकर वाळणारे असते. त्याच्या धाग्याची जाडी ‘डेनिअर’ या मापाने सांगतात. ९००० मीटर लांब धाग्याचे वजन जितके ग्रॅम भरेल, तितके डेनिअर. १००० डेनिअरचे कापड अत्यंत चिवट, पण जड. २१० डेनिअरचे हलके, पण खडकावर घासल्यास लवकर झिजणारे. मधल्या जाडीचे कापड दिवसाच्या फेरीला चांगले. आतून लेप दिलेले कापड पाणी अडविते, तरी शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून ते आत शिरतेच. म्हणून पावसाळ्यात सर्व सामान आधी एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मगच सॅकमध्ये ठेवावे.

रंग हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. सैनिकाला शत्रूच्या नजरेपासून लपायचे असते. म्हणून त्याची पिशवी माती आणि पाचोळा यांच्या रंगात मिसळून जाते. वाट चुकलेल्या मुलाला लपायचे नसते, त्याला दिसायचे असते. सह्याद्रीवर पावसाळी धुके उतरले की, थोड्या अंतरावरचा माणूसही दिसेनासा होतो. हिरव्या रानात खाकी पिशवी शोधणे कठीण. नारिंगी किंवा पिवळी पिशवी मात्र लवकर नजरेत भरते. पिशवीच्या छातीच्या पट्ट्याला एक शिट्टी बांधलेली असावी. पर्वतांतील आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणे संकटात सापडलेल्याने एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तसेच करावे. ऐकणाऱ्याने एका मिनिटात तीन शिट्ट्या वाजवून उत्तर द्यावयाचे असते. घसा ओरडून बसतो. शिट्टी मात्र दीर्घकाळ साथ देते.

पिशवी विकत घेण्यापूर्वी तिची परीक्षा घेणे कठीण नाही. दुकानातच तिच्यात तीन किलोंचे काही सामान भरावे आणि ती पाठीवर घ्यावी. पट्टे आवळून दहा मिनिटे चालावे. जिना असेल तर चढून उतरावा. दोन्ही हात वर करून पाहावेत, मान मागे टाकून वर पाहावे, खाली वाकावे. पिशवी पाठीशी स्थिर राहिली, कोठे रुतली नाही आणि चेन एका हाताने उघडता आली, तर ती निवडण्यास हरकत नाही. परतल्यावर पिशवी झटकून सावलीत वाळविली की, तिला बुरशी लागत नाही आणि ती वर्षानुवर्षे टिकते.

शिखरावरून उतरताना पाणी संपलेले असते, शिदोरी संपलेली असते आणि पिशवी हलकी झालेली असते. तिच्यात तेव्हा रिकाम्या बाटल्या आणि खाऊचे कागद असावेत. ते डोंगरावर टाकून येऊ नयेत. ज्याने निघताना ‘आपल्याला कोठे जायचे आहे आणि तेथे कशाची गरज पडेल’ एवढाच प्रश्न स्वतःला विचारलेला असतो, त्याच्या पाठीवर नको असलेले काही नसते आणि हवे ते सर्व असते.