गाठ दुखत नाही, म्हणूनच दाखवा

“गाठ आहे, पण दुखत तर नाही ना? मग राहू दे.” आपल्या घरांत हे वाक्य किती सहज बोलले जाते! मुलाला ताप आला तर आई रात्री-अपरात्री दवाखाना गाठते. स्वतःच्या छातीतली गाठ मात्र महिनोन् महिने ओढणीआड लपवते. रमजान होऊ द्या, मुलीचा निकाह होऊ द्या, मग बघू! स्तनाच्या कर्करोगात हाच उशीर जिवावर बेततो, कारण सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही.

भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

वेळीच तपासले तर फरक पडतो का? याचे उत्तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांनी दिले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून तेथील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी स्तनांची हाताने तपासणी केली. ना यंत्र, ना सुई! २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात पुढच्या टप्प्यातले कर्करोग ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मृत्यू घटल्याचे दिसले नाही, मात्र रोग लवकरच्या टप्प्यात सापडला.

हीच तपासणी आज सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी मोफत ठेवली आहे. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, पन्नाशीनंतर अधिक उपयोगी ठरते. आई, बहीण, खाला किंवा फुफी यांना स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

मधल्या काळात स्वतःच्या शरीराची ओळख ठेवा. स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेला खळी पडणे, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, शेजारणीने नव्हे. सुईने तुकडा काढल्यास रोग पसरतो, ही भीतीही निराधार आहे. रोग लवकर सापडला तर अनेकदा स्तन न काढताही उपचार होतात.

राहिला प्रश्न हयेचा. तपासणीसाठी स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका मागा. त्यात संकोच कसला? खर्चाची चिंता असेल तर महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचार आहेत. रुग्णालयात चौकशी करा.

आणि भावांनो, बीवी “काही नाही” म्हणाली म्हणून गप्प बसू नका. एक दिवस दुकान उशिरा उघडा, मुलांना सांभाळा आणि तिला घेऊन जा. अम्मीलाही सोबत न्या. वय झाले म्हणून तिची तपासणी टाळू नका. मुंबईच्या अभ्यासात सर्वाधिक फायदा झाला तो तिच्याच वयाच्या स्त्रियांना.