सोन्याचा तांबडा रंग

कोविडच्या काळात घरी चाचणी केलेल्यांना पट्टीवर उमटणारी तांबूस रेघ आठवत असेल. अशा अनेक पट्ट्यांवरची ती रेघ सोन्याची असते. सुमारे ४० नॅनोमीटरचे सोन्याचे कण एका जागी अडकून साचले की ती दिसू लागते. दागिन्यातले पिवळे सोने इतके बारीक झाले की त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरीबरोबर एकदम हेलकावू लागतात, हिरवा प्रकाश कणातच जिरतो आणि उरतो तो तांबडा. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये लंडनमध्ये माणकासारख्या लाल सुवर्णद्रावणांचा अभ्यास मांडला. त्यामागचे गणित गुस्टाव्ह मी याने १९०८ मध्ये सोडवले. आजच्या संवेदकांना यातली एक गोष्ट फार उपयोगाची आहे. कणाला काही चिकटले की जिरणारा रंग किंचित सरकतो. कणावर ठरावीक विषाणूचाच अंश धरणारी प्रतिपिंडे आधी बसवून ठेवली, तर रंग किती सरकला हे मोजून तो अंश आला का आणि किती आला, दोन्ही कळते.

या तंत्राबद्दल बोलताना ‘आता पीसीआरची गरज उरणार नाही’ असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. एप्रिल २०२० मध्ये झुरिकच्या संशोधकांनी एक देखणा संवेदक प्रसिद्ध केला. काचेवर सोन्याची सूक्ष्म बेटे, त्यांवर कोरोनाच्या आरएनएशी जुळणारे डीएनएचे धागे. लेझरने ही बेटे जागच्या जागी तापवली की अर्धवट जुळलेले धागे सुटून पडतात. त्यामुळे २००३ च्या सार्स विषाणूचा आरएनए त्याला फसवू शकला नाही. त्याची मर्यादा होती ०.२२ पिकोमोलर. आकडा चिमुकला वाटतो, पण हिशेब केला तर एका मिलिलिटरमागे तेरा कोटी प्रती होतात. चांगली पीसीआर चाचणी काहीशे ते काही हजार प्रतीही पकडते, कारण ती आधी त्यांची संख्या वाढवून घेते. सोन्याचा कण तसे काही करत नाही, समोर येईल तेवढेच मोजतो.

म्हणून या संवेदकाला मुबलक असलेले काहीतरी शोधायला द्यावे, आणि असे लक्ष्य डेंगीत आहे. या विषाणूने ग्रासलेल्या पेशी एनएस१ नावाचे प्रथिन तापाच्या पहिल्या दिवसांपासून रक्तात सोडत राहतात. थायलंडमधल्या मुलांच्या २००२ सालच्या अभ्यासात, पहिल्या ७२ तासांत मिलिलिटरमागे ६०० नॅनोग्रॅम किंवा त्याहून अधिक एनएस१ आढळलेल्यांना रक्तस्रावी डेंगीचा धोका जास्त दिसला. म्हणजे मिलिलिटरमध्ये सुमारे एक लाख कोटी रेणू. पीसीआरला हे प्रथिन दिसतच नाही, तिचा शोध आरएनएचा.

एनएस१ची पट्टी बाजारात आहेच, मग नवे कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पट्टी मात्र ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते, आणि डेंगी दुसऱ्यांदा झालेल्या रुग्णात जुनी प्रतिपिंडे एनएस१ला झाकून टाकतात, त्यामुळे ती चुकण्याची शक्यता वाढते. हा अडथळा प्रकाश-संवेदकालाही आहे; झाकलेले प्रथिन त्यालाही सहजी सापडणार नाही. पण जेवढे सापडेल त्याचा तो आकडा देतो, आणि डॉक्टरला आकडाच हवा असतो. थायलंडचा ६०० हा आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही, हेही खरे. तो अभ्यास डेंगीच्या दुसऱ्या प्रकाराचा होता, भारतात चारही प्रकार फिरतात.

याहून अवघड आक्षेप रक्ताचा आहे. एका मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ४० मिलिग्रॅम अल्ब्युमिन असते, वजनाने त्या एनएस१च्या साठ-सत्तर हजार पट. कणाला काय चिकटले हे सोने ओळखत नाही, चिकटले एवढेच ओळखते. शिवाय खोली तापली की पाण्याचा अपवर्तनांक बदलतो आणि काहीही न चिकटता रंग सरकतो. यावर उपाय आहेत: कणांवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा निसरडा थर द्यायचा आणि शेजारी प्रतिपिंडे नसलेला दुसरा ठिपका ठेवून त्याची सरक वजा करायची. शुद्ध द्रावणात मिळालेल्या मर्यादेचे आकडे छापण्याऐवजी, पावसाळ्यानंतरच्या गर्दीत प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या टेबलावर, बोटातून काढलेल्या थेंबावर ही वजाबाकी किती टिकते, ते आधी तपासायला हवे.