विहार व तुळशी तलावांचें अरण्य

मुंबईसारख्या महानगरांत वाढलेल्या बालकास, 'पाणी कोठून येतें?' असा प्रश्न केला असतां बहुधा 'नळांतून' असें उत्तर मिळतें. हें उत्तर खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. नळ हा पाण्याच्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम होय. हा प्रवास आरंभापासून पाहण्याची ज्यांस इच्छा असेल, त्यांनीं बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची वाट धरावी. तेथें विहार व तुळशी हे दोन जलाशय असून त्यांच्या आसपास शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचें अरण्य पसरलेलें आहे.

प्रथम या तलावांचा इतिहास पाहूं. मुंबई बेटावरील लोक पूर्वीं विहिरी व तळीं यांवर तहान भागवीत असत. वस्ती वाढली तसें तें पाणी पुरेनासें झालें. तेव्हां हेन्री कॉनीबेअर यांच्या योजनेस अनुसरून इ. स. १८५६ मध्यें विहार तलावाचें काम सुरू झालें, आणि १८६० मध्यें त्याचें पाणी नळांवाटे शहरांत आलें. १८७९ मध्यें तुळशी तलाव बांधून पुरा झाला. पुढें तानसा, वैतरणा व भातसा या नद्यांचें पाणी दुरून आणण्यांत आलें. आज मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांत मिळून १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी मावतें. त्यांत विहारचा वांटा २७,६९८ व तुळशीचा ८,०४६ दशलक्ष लिटर, म्हणजे दोहोंचा मिळून शेंकडा अडीच इतकाच आहे.

मग एवढ्या लहान तलावांचें महत्त्व तें काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, मोठे जलाशय शहरापासून फार दूर आहेत. येथें मात्र डोंगर, रान, ओढा व तलाव हीं चारही एकाच दिवसांत अवलोकन करितां येतात. पाण्याच्या सांठ्यांत या तलावांचा वांटा थोडा असला, तरी शिक्षणांत तो फार मोठा आहे.

तलाव भरतो तो पावसानें, हें खरें. पण पावसाचें पाणी सांभाळून, गाळून तलावाच्या स्वाधीन करण्याचें काम अरण्य करितें. मुसळधार सर प्रथम झाडांच्या पानांवर आदळते व तिचा मारा मंदावतो. खालीं पडलेला पाचोळा पाणी शोषून घेतो, मुळांनीं सच्छिद्र झालेली माती तें मुरवून घेते, आणि मग तें हळूहळू झऱ्यांच्या रूपानें बाहेर येतें. उघड्या टेकडीवर याच्या उलट घडतें: पाणी वेगानें धांवतें, माती वाहून नेतें व तलाव गाळानें भरूं लागतो. याची प्रचीति घरींही घेतां येईल. दोन पसरट भांडीं घेऊन एकांत नुसती माती व दुसऱ्यांत गवतासहित माती भरावी; दोन्ही सारखीं कलतीं ठेवून त्यांवर झारीनें सारखेंच पाणी घालावें व वाहून आलेलें पाणी दोन पेल्यांत धरावें. कोणता पेला गढूळ होतो, हें सांगण्यास गुरुजींची आवश्यकता उरणार नाहीं.

पाणी निर्मळ राहावें म्हणून रान राखलें गेलें, आणि रान राखलें म्हणून जीवसृष्टीस आसरा मिळाला. साग, ऐन, खैर, कुसुंब व उंबर या वृक्षांखालीं चितळ व सांबर चरतात. रात्रीं बिबट्या फिरतो. तलावांत मगरी आहेत. पाण्याच्या कडेस पाणकावळा पंख पसरून वाळवीत बसतो, खंड्या एकाएकीं सूर मारितो. कारवी नांवाचें झुडूप तर आठ वर्षांतून एकदांच सर्वत्र मिळून फुलतें. येथें तें २०१६ सालीं बहरलें होतें. विधात्याची ही करणी पिंजऱ्याबाहेर पाहावयास मिळणें, हें शहरवासीयांचें मोठें भाग्य होय.

याच अरण्यांत कान्हेरीचीं शंभराहून अधिक बौद्ध लेणीं आहेत. भिक्षूंनीं लेण्यांजवळ खडकांत टांकीं खोदून पावसाचें पाणी सांठविलें. तेथील शिलालेखांत अशा टांक्यांस 'पोढी' म्हटलेलें आढळतें. विहारच्या कितीतरी शतकें आधीं या डोंगरानें माणसांची तहान भागविली होती, हें पाहून मन विस्मित होतें.

सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांस आमच्या थोड्या सूचना आहेत. दोन्ही तलाव पिण्याच्या पाण्याचे असल्यामुळें परवानगीवांचून त्यांच्या कांठीं जातां येत नाहीं. हा निर्बंध सर्वांच्या हिताचा आहे. सकाळीं लवकर निघावें. एक वही, एक पेन्सिल व मौन एवढें साहित्य पुरे. पक्ष्याचें नांव ठाऊक नसल्यास त्याची चोंच, रंग व चाल लिहून घ्यावी. नांव मागाहून शोधतां येतें. माकडांस खाऊ घालूं नये, कारण त्यामुळें तीं माणसांवर झडप घालावयास शिकतात. नेलेली प्रत्येक वस्तु परत आणावी.

पालकांस एक विनंती. विहार तलाव भरून वाहूं लागला म्हणजे त्याच्या सांडव्यापासून मिठी नदीचा उगम होतो, आणि तीच नदी दाट वस्तींतून माहीमच्या खाडीस मिळते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां कचऱ्यानें व बांधकामांनीं आकुंचित झालेल्या या नदीनें कांठच्या वस्त्यांत हाहाकार उडविला. म्हणून सहलीच्या दुसऱ्या दिवशीं आपल्या पाल्यास शहरांतील मिठीच्या एखाद्या पुलावरही न्यावें. एकाच पाण्याचीं हीं दोन रूपें जो मुलगा वा मुलगी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहील, त्यास रान कां राखावें व नदींत कचरा कां टाकूं नये, हें निराळें सांगावें लागणार नाहीं.