पेलाभर पाण्याचा हिशेब

एप्रिल-मे महिन्यांत छत्रपती संभाजीनगरात दुपारची सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरते. उष्णतेची लाट आली की त्याच्याही खाली. दोरीवर टाकलेला पंचा बघता बघता कडक होतो, ओठ फुटतात, शाळकरी पोराचा घोळणा फुटतो आणि आजी कांदा हुंगायला देते. थंडीत घोळण्याची जागा टाचांच्या भेगा आणि पहाटेचा कोरडा खोकला घेतात. मुंबईहून बदली होऊन आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात जाणवतं की इथे घाम येत नाही. तो येतो, पण दिसायच्या आत उडून जातो.

यावर उपाय म्हणून अलीकडे ह्युमिडिफायर नावाचं यंत्र शहरातल्या फ्लॅटमध्ये शिरलं आहे. तांब्याएवढी टाकी, खाली रंग बदलणारा दिवा आणि वरून निघणारा पांढरा धूर. टीपॉयवर ते छान दिसतं. मात्र कुठलं घ्यावं, त्यात कुठलं पाणी घालावं आणि मुळात ते हवं की नको, या प्रश्नांची उत्तरं डब्यावर सहसा नसतात.

सुरुवात टक्क्यांपासून करावी लागेल, कारण टक्के फसवतात. हवा जितकी गरम, तितकं जास्त बाष्प तिच्यात मावतं. चाळीस अंशांना एका घनमीटर हवेत सुमारे 51 ग्रॅम बाष्प मावतं. मेमधल्या दुपारी वीस टक्के आर्द्रता म्हणजे त्यातलं फक्त दहा ग्रॅम. आता जानेवारीतली पहाट घ्या. समजा तापमान बारा अंश आणि आर्द्रता साठ टक्के. आकडा मोठा वाटतो, पण बारा अंशांच्या हवेत मावतंच साडेदहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे प्रत्यक्ष बाष्प सहा-साडेसहा ग्रॅम. तीच हवा घरात येऊन चोवीस अंशांपर्यंत गरम झाली की आर्द्रता तीस टक्क्यांवर येते. रखरखीत मेपेक्षा गारठ्यातल्या हवेत पाणी कमी असू शकतं ते असं.

नाकाला टक्के कळत नाहीत, ग्रॅम कळतात. श्वासाची हवा फुप्फुसांत पोचेपर्यंत सदतीस अंशांची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली व्हावी लागते, म्हणजे घनमीटरमागे 44 ग्रॅम. बाहेरून दहा आले तर उरलेले चौतीस नाक-घशाच्या ओल्या अस्तरातून जातात. झोपेत आठ तासांत माणूस सुमारे तीन घनमीटर हवा आत घेतो, तेव्हा हा व्यवहार शंभर मिलिलिटरच्या घरात जातो. काही भाग श्वास सोडताना परत मिळतो, तरी अस्तर सुकायचं ते सुकतंच. त्या अस्तरावरचे बारीक केस धूळ आणि जंतू बाहेर ढकलत असतात. चिकट द्रव आटला की त्यांची हालचाल मंदावते. घोळणा फुटतो तोही सुकून तडकलेल्या याच अस्तरातून.

मग खोलीला पाणी किती लागेल? दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात साधारण 34 घनमीटर हवा असते. तीस अंशांना आर्द्रता पंचवीस टक्क्यांवरून पंचेचाळीसवर न्यायची तर हवेत दोनशे ग्रॅम बाष्प मिसळावं लागतं. फक्त एक पेला पाणी! पण कुठलीही खोली बाटलीसारखी बंद नसते. दारं-खिडक्या लावूनही फटींतून हवा बदलत राहते. तासाला एकदा ती पूर्ण बदलते असं धरलं तर दर तासाला एक पेला, रात्रभरात दीड ते दोन लिटर. टेबलावरचं अर्ध्या लिटरचं शोभेचं यंत्र या हिशेबात कुठेच बसत नाही. खरेदी करताना दिव्याच्या रंगांपेक्षा तासाला किती मिलिलिटर पाणी हवेत जातं, हा आकडा आधी पाहावा.

या शहराला ओल्या हवेचं शास्त्र नवं नाही. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेल्या या खडकीत नहरींनी पाणी आणलं गेलं. पुढे पाणचक्कीच्या आवारात मोठा हौद बांधला गेला. त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत. डोक्यावर पाणी असल्याने भर उन्हाळ्यात ते दालन गार राहतं. वाळ्याच्या ताट्यांचा उल्लेख तर अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त सापडतो. दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावायचे, त्यांवर पाणी शिंपडायचं, वारा आत येताना गार, ओला आणि सुगंधी होऊन येतो. मराठवाड्यातला पत्र्याचा कूलर म्हणजे त्याच ताटीला जोडलेला पंखा आणि पंप.

कूलर हा खरं तर अवाढव्य ह्युमिडिफायरच. एक लिटर पाणी उडताना हवेतून सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. बाहेर चाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापीचा पारा बावीस-तेवीसवर थांबतो. चांगल्या ताट्या आणि वाहता पंप असलेला कूलर सत्तावीसच्या आसपासचा वारा देतो. हाच कूलर मुंबईत तेहतीस अंश आणि सत्तर टक्के आर्द्रतेत नेला तर ओला पारा अठ्ठावीसवर अडतो आणि हाती येतो चिकट वारा. म्हणून मुंबईकर कूलरला हसतो आणि संभाजीनगरकर त्याच्याशिवाय मे काढू शकत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

तेव्हा ज्या घरात उन्हाळाभर कूलर चालतो, तिथे उन्हाळ्यात ह्युमिडिफायर घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. कूलरची अडचण दुसरी आहे: तासाला काही लिटर पाणी तो सहज पितो. पैठणचं जायकवाडी धरण पन्नासेक किलोमीटरवर असूनही ज्या शहरात नळाला अनेक दिवसांआड पाणी येतं, तिथे ही चैन जाणवते. शिवाय थंडीत कूलर लावता येत नाही. बंद खोलीत एसी चालवणाऱ्यांचा प्रश्नही वेगळा. एसीच्या नळीतून बाहेर ठिबकतं ते खोलीतलंच बाष्प. गंमत अशी की मेमधली दहा ग्रॅमची हवा चोवीस अंशांना थंड केली तर हिशेबाने आर्द्रता सत्तेचाळीस टक्के व्हायला हवी. एसी त्यातलं थोडं काढून घेतो, तरी अनेकदा आकडा पस्तीस-चाळीसच्या खाली जात नाही. म्हणून आधी आर्द्रतामापक घ्यावा. काहीशे रुपयांत मिळतो. आकडा सतत तिसाच्या खाली असेल तरच यंत्राचा विचार करावा.

आर्द्रतामापकही खोटं बोलू शकतो, पण त्याची परीक्षा स्वयंपाकघरात घेता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर होईल इतकंच पाणी घालायचं, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत किंवा डब्यात रात्रभर ठेवायचे. ओल्या मिठावरच्या हवेची आर्द्रता नेहमीच्या तापमानाला 75 टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी मापक सत्तर दाखवत असेल तर तो पाचाने कमी सांगतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आता यंत्रांचे प्रकार. वाफेचं यंत्र पाणी उकळतं. जंतू मरतात, क्षार भांड्यातच राहतात. पण तासाला एक पेला पाणी उकळायला दीडशे वॅट तरी जातात, बाजारातली यंत्रं त्याहून जास्त घेतात आणि उकळतं भांडं रांगणाऱ्या मुलाच्या घरात नको. दुसरा प्रकार वातीचा: पाणी शोषणारी जाड वात किंवा जाळी आणि मागे छोटा पंखा. म्हणजे घरगुती कूलरचं पिल्लूच. त्यातून धूर दिसत नाही, त्यामुळे दुकानात ते निस्तेज वाटतं. तिसरा, सगळ्यात खपणारा प्रकार ध्वनिलहरींचा. त्यातली स्फटिकाची चकती सेकंदाला सतरा लाखांच्या आसपास कंपनं करते आणि पाण्याचे काही मायक्रॉनचे थेंब उडवते. आवाज नाही, वीज पंचवीस-तीस वॅट, किंमतही कमी.

मेख त्या धुरातच आहे. वातीवरून उडतं ते निव्वळ बाष्प. चकतीवरून उडतो तो पाण्याचा थेंब, त्यातल्या सगळ्या ऐवजासकट. थेंब सुकतो आणि क्षाराचा कण हवेत तरंगत राहतो. टीव्हीवर, काळ्या कपाटावर पांढरी पूड बसते ती हीच.

संभाजीनगरच्या बेसाल्टमधून आलेलं बोअरचं आणि टँकरचं पाणी म्हटलं की कॅल्शियम-मॅग्नेशियम आलंच. गीझरचं कॉइल आणि नळाच्या तोट्या त्याची साक्ष देतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरं पाणीच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घेतात. पाचशेच धरू. रात्रीत दोन लिटर उडवले म्हणजे एक ग्रॅम क्षार झोपायच्या खोलीत शिंपडले. त्या रात्रीत खोलीतून जाणारी हवा पावणेतीनशे घनमीटर. नव्वद टक्के कण खाली बसले असं मानलं तरी उरलेल्यांचा हिशेब घनमीटरला साडेतीनशे मायक्रोग्रॅमच्या वर जातो. बाहेरच्या हवेतल्या सूक्ष्म कणांसाठी भारतात चोवीस तासांची मर्यादा आहे 60. हा कागदावरचा अंदाज आहे, पण दमेकऱ्याच्या घरात बोअरच्या पाण्यावर असलं यंत्र का चालवू नये हे कळायला पुरेसा आहे.

आरओचं पाणी वापरलं तर पूड जवळपास थांबते. मात्र एका लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत जातं, ते साठवून फरशीला वापरावं. पाणी उकळून, गार करून, वरचं निवळ घेतलं तरी क्षारांचा एक भाग तळाशी बसतो. एसीच्या नळीचं पाणी क्षारमुक्त असतं म्हणून मोह होतो, पण ते धुळीने माखलेल्या कॉइलवरून आलेलं असतं. ते झाडांना घालावं. एकूण पाहता इथल्या पाण्याला वातीचं यंत्रच मानवतं. क्षार वातीत अडकतात, वात कडक होते आणि एक-दोन महिन्यांनी ती बदलायची. खर्च तेवढाच.

क्षारांपेक्षा गंभीर गोष्ट जंतूंची. 1989 च्या शरदात अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा या छोट्या गावात तेहतीस जणांना लिजिओनेअर हा न्यूमोनिया झाला. शोध घेतला तेव्हा माग लागला एका किराणा दुकानाचा: भाज्या टवटवीत दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर धुकं सोडणाऱ्या, याच ध्वनिलहरींच्या यंत्राचा. साचलेल्या कोमट पाण्यात वाढलेले जीवाणू बारीक थेंबांवर बसून गिऱ्हाइकांच्या फुप्फुसांत पोचले होते.

दक्षिण कोरियाची गोष्ट याहून भयंकर. टाकीत शेवाळ धरू नये म्हणून तिथे 1994 पासून पाण्यात मिसळायची जंतुनाशकं विकली जात होती. 2011 च्या वसंतात सोलच्या एका रुग्णालयात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया फुप्फुसं निकामी होऊन दाखल होऊ लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारी तपासात बोट या जंतुनाशकांकडे वळलं आणि पुढे ती बाजारातून काढली गेली. सरकारने मान्य केलेल्या पीडितांची संख्या पाच हजारांवर गेली. मृतांचा आकडा हजारापलीकडचा आहे. यांतली काही रसायनं त्वचेला लागली तर फारसा त्रास देत नव्हती. श्वासातून आत जातील तेव्हा काय होईल, हे विकण्याआधी नीट तपासलंच गेलं नव्हतं.

म्हणून टाकीत पाण्याशिवाय काहीही घालायचं नाही. निलगिरीचं तेल नाही, कापूर नाही, छातीला चोळायचं मलम नाही, डेटॉलचे थेंब तर मुळीच नाहीत. सर्दीत वाफारा घ्यायचा तो वेगळा, पाच मिनिटांचा. रात्रभर खोलीत फवारा मारणं वेगळं.

देखभाल कंटाळवाणी आहे, आणि ती जमणार नसेल तर यंत्र न घेणंच बरं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला सोपा आहे: टाकी रोज रिकामी करून पुसून कोरडी करा, ताजं पाणी भरा, दर तिसऱ्या दिवशी घासा. पांढरा थर सायट्रिक आम्लाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने निघतो. जंतूंसाठी औषधाच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. नंतर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने विसळायचं. व्हिनेगर आणि ब्लीचिंगचं पाणी कधीही एकत्र करू नये, क्लोरीन वायू सुटतो. खोलीची आर्द्रता पन्नासच्या वर नेण्यात शहाणपण नाही. तिथून पुढे धुळीतल्या किड्यांना आणि साठच्या पुढे बुरशीला हवामान आवडू लागतं.

कूलरवाल्यांचीही सुटका नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला कूलरची टाकी फार प्रिय. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि अंडी कोरड्या पत्र्याला चिकटून महिनोन् महिने तग धरतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो तो यासाठी. पण पाणी उपसून टाकणं पुरत नाही, टाकीच्या कडा काथ्याने घासायला हव्यात. पाण्याच्या टंचाईत टाकी ओतून देणं जिवावर येतं हे खरं. ते पाणी बादलीत भरून लगेच झाडांना किंवा संडासात वापरता येतं.

जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की बाहेरची आर्द्रता आपोआप चढते आणि ऑक्टोबर सरेपर्यंत यंत्राला काम उरत नाही. त्या वेळी ते ओलं तसंच माळ्यावर टाकू नये. टाकी घासून, विसळून, एक दिवस वाळवून मगच डब्यात भरावी, आणि जुनी वात मात्र फेकून द्यावी.