टपालाच्या वेळापत्रकावर जन्मलेले वर्तमानपत्र

योहान गुटेनबर्गने माइन्झ शहरात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू केली ती १४५० च्या सुमारास. युरोपातले पहिले छापील साप्ताहिक मात्र १६०५ मध्ये, म्हणजे तब्बल दीडशे वर्षांनी निघाले. यंत्र, कागद, शाई सारे हाताशी होते. लढाया, पूर, धूमकेतू यांवर सुटी पत्रकेही छापली जात. पण दर आठवड्याला नवा मजकूर मिळेलच, ही हमी नव्हती. ती टपालाने दिली.

टाक्सिस घराण्याने १४९० पासून हाब्सबर्ग राजघराण्यासाठी घोडेस्वारांची साखळी उभी केली. ठराविक अंतरावर ठाणे, तिथे ताजा घोडा, की थैली पुढे रवाना. हळूहळू व्यापाऱ्यांची पत्रेही तिच्यातून जाऊ लागली आणि टपालाचे वार ठरले. या पत्रांवर बातमीदारांचा धंदा चाले. व्हेनिस, रोममधले लेखनिक हस्तलिखित बातमीपत्रे तयार करत आणि ती मोठ्या वर्गणीदारांना पाठवली जात. आउग्सबुर्गच्या फुगर या सावकार घराण्याचा असा मोठा संग्रह आजही व्हिएन्नात आहे.

स्ट्रासबुर्गचा योहान कारोलुस हाच धंदा करत होता. नकला उतरवण्यात फार वेळ जातो म्हणून त्याने विकत घेतलेल्या छापखान्यात त्या छापायला सुरुवात केली. त्याचे ‘रेलात्सिओन’ हे साप्ताहिक असे निघाले. इतरांना ते छापण्याची मनाई करावी, असा अर्ज त्याने १६०५ च्या अखेरीस नगरपरिषदेकडे केला. तो फेटाळला गेला, पण त्या अर्जामुळेच आज हे साल कळते, कारण उपलब्ध अंकांपैकी सर्वांत जुने १६०९ चे आहेत.

त्यांत मथळे नाहीत. कोणत्या गावाहून, कोणत्या तारखेला पत्र आले एवढेच वर लिहिलेले, आणि पत्रे आली त्या क्रमाने बातम्या. संपादन असे जवळजवळ नाहीच. तरी १६०९ च्या एका अंकात व्हेनिसहून आलेली गॅलिलिओच्या दुर्बिणीची खबर आहे. विज्ञानवार्तेचा हा फार जुना नमुना म्हणावा लागेल.

१६१८ मध्ये तीस वर्षांचे युद्ध पेटले आणि बातम्यांची भूक वाढली. त्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये ‘कुरांत’ हे वृत्तपत्र निघू लागले. १६२० मध्ये तिथेच छापलेल्या पहिल्या इंग्रजी वृत्तपत्राची सुरुवातच इटलीहून खबर आली नसल्याच्या निवेदनाने होते! पॅरिसमध्ये १६३१ साली तेओफ्रास्त रनोदोने ‘गॅझेट’ काढले, पण त्यामागे राजाचा मुख्य मंत्री रिशलिअ याचा वरदहस्त होता. ते बव्हंशी दरबाराचेच मुखपत्र ठरले.

पुढची पायरी लाइपझिगची. व्यापारी जत्रांच्या आणि टपालमार्गांच्या या शहरात टिमोथेउस रिट्शने १ जुलै १६५० पासून आठवड्याचे सहा दिवस अंक काढायला सुरुवात केली. जगातले पहिले दैनिक म्हणून मान दिला जातो तो याच पत्राला.